शिकवणारी थोरली शाळेतच हवी

शहरातल्या सुखवस्तू घरांत मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवण्याची टूम निघाली आहे. तिथली मोठी मुले धाकट्यांना शिकवतात आणि शिकवता शिकवता स्वतः पक्की होतात, असे सांगतात. ते खोटे नाही. आपल्याला आले असे वाटणारे अपूर्णांक धाकट्याला समजावताना जीभ अडखळते आणि खरे शिकणे तिथून सुरू होते. लोणार तालुक्यातल्या एखाद्या विहारात संध्याकाळी दहावीची मुलगी चौथीच्या पोरांना वाचायला बसवते, तेव्हा दोघांचाही अभ्यास होतो. असे वर्ग विहारोविहारी चालले पाहिजेत.

आपल्याला हे नवे नाही. सावित्रीमाईंना जोतीरावांनी घरीच शिकवले. १८४८ साली भिडे वाड्यात त्या शिकवू लागल्या, तेव्हा वय अवघे सतरा. पण त्या घरच्या शिक्षणावर थांबल्या नाहीत. अहमदनगर व पुणे येथे त्यांनी अध्यापनाचे रीतसर प्रशिक्षण घेतले. आणि बायकोला घरी शिकवणाऱ्या जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे काय मागितले? किमान बारा वर्षांपर्यंत सक्तीचे शिक्षण, प्रशिक्षित शिक्षक आणि त्यांना महिना बारा रुपयांपेक्षा कमी नसलेला पगार. घरीच शिकवा, असे त्यांनी सरकारला सुचवले नाही!

२०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मुलांनी मुलांना शिकवण्याची स्तुती करते. २०२३ मध्ये याच महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव मागवले गेले. या दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचा. वस्तीतली शाळा लांब गेली की आधी थोरली घरी बसते. ऊसतोडीला, वीटभट्टीला गेलेल्यांच्या झोपडीत कडेवर भावंड घेऊन ती त्याला अ आ इ शिकवेलही, पण तिला कोण शिकवणार? श्रीमंताच्या घरी जो प्रयोग, तो आमच्या घरी शाळाबंदी ठरतो.

शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला हव्यात. समितीच्या पुढच्या बैठकीला आयाबहिणींनी जावे, मंजूर शिक्षक किती आणि हजर किती ते लेखी मागावे. मिळाले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा. अर्ज लिहायला विहारातली ती दहावीची मुलगी आहेच.