तू मागं थांब!

संध्याकाळी ग्राउंडवर टीम पाडायची असते. दोन कॅप्टन समोरासमोर उभे राहतात आणि एकेक पोरगा उचलतात. जो पळतो, ड्रिबल करतो, गोल मारतो तो पहिला जातो. मग त्याच्यासारखे दोन-तीन. शेवटी जी उरतात, त्यातल्या एकाला हुकूम होतो : "तू मागं थांब!"

रहिमतपुरात वाढलेल्या किती जणांनी हे वाक्य ऐकलंय माहीत नाही, मी मात्र पाचवी ते बारावी तेच ऐकलं. म्हणून आज मागं थांबणाऱ्यांबद्दल लिहितोय. तुमच्यापैकी अर्धे जण फुटबॉल मोबाइलवरच बघत असतील, तरी वाचा. विषय फुटबॉलपुरता नाही.

आपल्याकडं कबड्डी रक्तात आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात करू. मॅच संपल्यावर गावभर नाव होतं चढाईपटूचं. पण डावा कोपरा कोण खेळला, त्यानं घोटा धरून किती चढाया मारल्या, हे कुणी सांगतं का? फुटबॉलमध्ये तर याहून वाईट. तिथं कोपऱ्यातल्या गड्याला पकडीचा गुण तरी मिळतो. फुटबॉलच्या बचावपटूनं नव्वद मिनिटं सगळं बरोबर केलं तर स्कोअरबोर्डवर त्याचं काहीच दिसत नाही. दिसते ती चूक.

एक गोष्ट सांगतो. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि एफसी पुणे सिटीचा संघ बालेवाडीत खेळायला लागला. आम्ही काही मित्र एका मॅचला गेलो होतो. सगळ्यांच्या तोंडी डेव्हिड त्रेझेगे. २००६ च्या वर्ल्डकप फायनलमध्ये ज्याची पेनल्टी क्रॉसबारला लागली आणि फ्रान्स हरला, तोच. त्याच पुणे संघाच्या बचावफळीत ३७ वर्षांचा एक इटालियन होता, ब्रुनो चिरिल्लो. त्याच्याकडं आमच्यातल्या कुणाचं लक्षही गेलं नाही. मी स्वतः मागं खेळणारा, तरी माझंही नाही!

नंतर त्याच्याबद्दल वाचलं, तेव्हा जरा लाज वाटली. नेपल्सजवळच्या कास्तेल्लामारे दी स्ताबिया गावचा हा माणूस. रेजिना, इंटर, लेचे, सिएना असे इटलीतले क्लब, मग ग्रीसचे एईके आणि पीएओके, स्पेनचं लेवान्ते, फ्रान्सचं मेट्झ आणि शेवटी आपलं पुणे. जवळजवळ दोन दशकं जगभर फिरून बचाव केला. इटलीच्या वरिष्ठ संघात मात्र कधी खेळला नाही. ज्या देशात पाओलो माल्दिनी, नेस्ता, कान्नावारो एकाच काळात मागं उभे आहेत, तिथं जागा मिळणार कशी?

आणि एवढ्या कारकिर्दीतलं लोकांना आठवतं काय? २००४ च्या फेब्रुवारीत तो सिएनाकडून इंटरविरुद्ध खेळला. मॅच संपल्यावर स्टेडियमच्या बोगद्यात मार्को मातेराझीनं त्याला ठोसा मारला. मातेराझी त्या दिवशी मॅच खेळतही नव्हता. फुटलेला ओठ घेऊन चिरिल्लो टीव्हीसमोर आला आणि मातेराझीवर दोन महिन्यांची बंदी आली. गंमत बघा, दहा वर्षांनी हे दोघंही भारतात, एकाच स्पर्धेत होते! मातेराझी चेन्नईयिनचा प्रशिक्षक आणि खेळाडूही. पुढच्याच वर्षी त्यानं तो संघ चॅम्पियन केला. म्हणजे एका बचावपटूचं आयुष्यभराचं काम एकीकडं आणि फुटलेला ओठ दुसरीकडं. लोकांच्या लक्षात ओठच राहिला.

"इटलीचं सोड, आपलं सांग," असं म्हणाल. सांगतो. मुंबईचा राहुल भेके. मुंबई एफसीमध्ये घडला, ईस्ट बंगालकडून खेळला, २०१६ ला पुणे सिटीत होता, मग बेंगळुरू एफसीत गेला. भारताच्या संघात पहिली मॅच खेळला २०१९ च्या जूनमध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी. त्याच वर्षी १७ मार्चला अंधेरीत आयएसएलची फायनल होती. गोव्याविरुद्ध ११७ व्या मिनिटाला कॉर्नर आला, भेकेनं हेडर मारला आणि बेंगळुरू पहिल्यांदा चॅम्पियन झालं. ११ एप्रिल २०२२ ला मुंबई सिटीकडून त्यानं रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध पुन्हा हेडरनंच गोल केला. मुंबई सिटी २-१ नं जिंकली. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा तो पहिला विजय. २०२४ च्या मे महिन्यात कोलकात्यात मोहन बागानला त्यांच्याच मैदानावर ३-१ हरवून मुंबई सिटीनं चषक उचलला, तेव्हा कॅप्टन तोच होता.

आता मला पकडा. बचावपटूचं कौतुक करायला बसलो आणि तुम्हाला सांगितलं काय? त्याचे दोन गोल! त्यानं अडवलेल्या गोलांची यादी माझ्याकडंही नाही. तुमच्या-माझ्या नजरेला सवयच तशी लागलीय. जगाचीही तीच. २००६ ला इटलीचा कॅप्टन फाबिओ कान्नावारो बॅलन डी'ओर जिंकला. त्यानंतर आजवर हा पुरस्कार एकाही बचावपटूला मिळालेला नाही.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की शेवटी लेखक सांगणार, "धीर धरा, मागं राहून काम करत राहा, तुमचंही नाव होईल." नाही सांगणार. असल्या रीलवरच्या उपदेशाचा मला कंटाळा आलाय. कारण भेकेला २८ व्या वर्षी संधी मिळाली ती नुसता धीर धरला म्हणून नाही. त्याआधी वर्षानुवर्षं तो मॅच खेळत होता म्हणून. माझा मुद्दा हा आहे.

पुढच्या फळीतला पोरगा वीस मिनिटांच्या ट्रायलमध्येही चमकू शकतो. दोघांना चकवलं, एक गोल मारला की निवडणाऱ्याच्या वहीत नाव. बचाव हा मात्र अंदाजाचा खेळ. पास कुठं पडणार, समोरचा कुठल्या पायावर वळणार, शेजारचा पुढं गेला तर आपण किती सरकायचं, हे शंभर मॅचमध्ये शंभर वेळा चुकल्याशिवाय येत नाही. चांगल्या बचावपटूला धावत जाऊन लोळण घ्यावीच लागत नाही. तो आधीच तिथं उभा असतो. हे वीस मिनिटांत दिसणार कुणाला?

माझा एक मित्र होता. आमच्यात सगळ्यात शहाणा खेळाडू तोच. पुण्याला एका ट्रायलला गेला. त्याची टीम एवढी भारी निघाली की बॉल त्याच्या बाजूला जेमतेम चारदा आला. चारही वेळा त्यानं शांतपणे काढून दिला. निवड झाली नाही. रात्रीच्या गाडीनं परत आला तेव्हा एवढंच म्हणाला, "बॉलच आला नाय रे." त्यानंतर त्यानं बूट घातले नाहीत. त्याच्यात कमी काय होतं? बघणाऱ्यांनी त्याच्या आणखी चार मॅच बघायला हव्या होत्या, एवढंच.

आणि मॅच आणायच्या कुठून? पुण्यात बघता बघता पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स आणि २०१९ ला एफसी पुणे सिटी, असे वरच्या पातळीवरचे चार संघ बंद पडले. गावपातळीवर तर शालेय स्पर्धा म्हणजे बाद पद्धत. एक हरलं की पिशवी उचलायची. साधं गणित करा. आठ संघ, बाद पद्धत : एकूण सात सामने, आणि चार संघ एकेक मॅच खेळून घरी. तेच आठ संघ साखळी पद्धतीनं खेळले तर २८ सामने, प्रत्येकाला सात. यातल्या कुठल्या स्पर्धेत बचावपटू तयार होईल, सांगा.

याच लोहमार्गानं पुढं गेलं की कोल्हापूर. तिथं पेठापेठांतल्या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर दरवर्षी लीग खेळतात आणि गल्लीतल्या आजोबांनाही डाव्या बॅकचं नाव पाठ असतं. कोल्हापूरच्या पोरांचे पाय काही वेगळ्या मातीचे नाहीत. त्यांना मॅच मिळतात.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. नेत्याच्या वाढदिवसाला होणारी एक दिवसाची, मोठ्या ट्रॉफीची, डीजेवाली स्पर्धा आपल्याला पुरे झाली. त्याऐवजी रहिमतपूर, वाठार किरोली, तारगाव, कोरेगाव, पुसेसावळी, औंध इथल्या पोरांनी मिळून छोटी लीग करा. रविवारी सकाळी मॅच. ट्रॉफी नसली तरी चालेल, वही हवी. त्या वहीत गोल कुणी मारला याच्या शेजारी, गोल कुणी वाचवला हेही लिहा. वर्गणीचा हिशोब ठेवणारं, रेषा आखणारं, वेळेवर बॉल आणणारं पोरगं लागेलच. तेही मागंच थांबलेलं असतं.

हे फुटबॉलपुरतं नाही, असं मी सुरुवातीला म्हणालो होतो. भरतीच्या मैदानावर, परीक्षेच्या तीन तासांत, मुलाखतीच्या दहा मिनिटांत आपण सगळे त्या ट्रायलमध्येच उभे असतो. काहींचा गुण चटकन दिसतो, काहींचा दिसायला वेळ लागतो. वेळ लागणाऱ्यांना नालायक ठरवण्याआधी त्यांना पुरेशा मॅच दिल्या होत्या का, हे विचारायला हवं. आणि विचारायचं आपणच.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी म्हणालं, "तू मागं थांब," तर थांबा. फक्त एक विचारा : "थांबतो की. पण मॅच किती आहेत?"