चित्रावरची कविता उसनी नव्हे

चिनी काव्य इंग्रजीच्या वाटेने मराठीत येते तेव्हा त्यावर एक अन्याय अनेकदा होतो, आणि तोही रसिक म्हणवणाऱ्यांकडून. कविता एखाद्या चित्रावर रचलेली असेल, तर शीर्षकातील चित्राचा उल्लेख गाळून तिला ‘वसंतवर्णन’ ठरवले जाते. कारण विचारावे तर उत्तर ठरलेले असते : चित्र पाहून सुचलेली कविता म्हणजे उसना अनुभव, निसर्ग थेट पाहणारा तोच खरा कवी. हे मत आम्हांस मुळीच मान्य नाही.

सुंग काळातील सू शी (१०३७–११०१) याचेच उदाहरण घ्या. हुइचुंग नावाच्या भिक्षूने काढलेल्या, वसंतातील नदीच्या सायंकाळच्या चित्रावर त्याने १०८५ साली दोन कविता लिहिल्या. हुइचुंग हा सू शीच्या जन्मापूर्वीच होऊन गेलेला. दोघांमध्ये दुवा होता तो केवळ त्या चित्राचा. मूळ चित्र आज उपलब्ध नाही, पण पहिली कविता चीनमध्ये शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. बांबू, पीचची फुले, पाण्यावरची बदके, काठचे कोवळे कोंब, एवढे कुंचल्याला साधते. परंतु पाणी उबदार झाले आहे हे रंगवणार कसे? सू शी ती ऊब बदकाच्या जाणिवेत ठेवतो. आणि शेवटी येतो केंड मासा. तोही अजून आलेला नाही. समुद्रातून नदीत चढण्याची त्याची वेळ आता झाली आहे, एवढेच. जे घडायचे आहे ते कोणत्या रंगाने काढावे? चित्र जिथे थांबते तिथून ही कविता पुढे चालू लागते. याला उसनवारी म्हणणाऱ्याने उसने म्हणजे काय ते आधी सांगावे!

अरसिकता ही काही आपलीच मिरास नव्हे. सतराव्या शतकातील माओ छीलिंग या विद्वानाने आक्षेप घेतला की पाण्याची ऊब बदकालाच का कळावी, हंसाला का नाही? पुढे युआन मेइ याने त्याची यथेच्छ खिल्ली उडवली. चित्रात बदके होती, म्हणून कवितेत बदक आले! शीर्षकाकडे दुर्लक्ष केले की पंडितांचीही अशी गत होते.

आपल्याकडे ‘शाकुंतला’च्या सहाव्या अंकात दुष्यंत शकुंतलेचे चित्र पाहतो आणि त्यात काय काढायचे राहिले ते सांगू लागतो : मालिनीचा वाळवंटी काठ, हंसांची जोडी, मृगाच्या शिंगावर डोळा खाजवणारी मृगी. तो प्रसंग आम्ही पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर घेतला. त्याला दुय्यम म्हणण्याचे धाडस कोणी केले नाही. मम्मटाने ‘चित्रकाव्य’ कनिष्ठ ठरवले हे खरे, पण त्याचा रोख व्यंग्यार्थावाचून केलेल्या शब्दार्थांच्या कसरतीवर होता. केवळ नामसाम्यामुळे सू शीला त्या पंक्तीत बसवणे हा शुद्ध आळस आहे.

तेव्हा भाषांतरकारांना आमचे सांगणे एवढेच : शीर्षक पूर्ण द्या, चित्रकाराचे नाव द्या, आणि त्या केंडाचा नुसता ‘मासा’ करू नका. तो विषारी आहे, तरी चवीसाठी जीव धोक्यात घालून लोक तो खातात. वसंत आला की सू शीला त्याची आठवण होते ती यामुळे. गोव्याच्या आणि कोकणाच्या किनाऱ्यावरील आमच्या वाचकांना केंडाची ओळख करून देण्यासाठी तळटीपही लागणार नाही.