आधी मोरीचं तोंड, मग टाईल्स

जुन्या घराची बाथरूम नवी करायची म्हटलं की आपण पहिल्यांदा काय करतो? टाईल्सच्या दुकानात जातो. माझं स्पष्ट मत आहे की तिथे सगळ्यात शेवटी जावं. सुरुवात करावी ती मागच्या अंगणातल्या ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण उघडून. आणि त्याच दिवशी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून.

आमचं सांगलीचं घर 1960 च्या दशकातलं. बैठं, नऊ इंची विटांच्या भिंती, मागच्या बाजूला मोरी आणि तिला लागून संडास. सध्या घरात रोज या विषयावर चर्चासत्र भरतं. मधली भिंत पाडून एकच मोठी बाथरूम, काचेचं पार्टिशन, डोक्यावर ताटाएवढा रेन शॉवर... फोटोंना काय तोटा आहे! पण मंडळी, जुनं घर म्हणजे लेगसी कोड. दिसायला साधी वाटणारी ओळ काढली की भलतंच काहीतरी कोसळतं.

उदाहरणार्थ ती मधली भिंत. वरचा स्लॅब तिच्यावर टेकलेला आहे. ती पाडायची तर आधी इंजिनिअरला विचारायला हवं (खऱ्या, म्हणजे सिव्हिल!). आणि पाडायची तरी कशाला? पाच माणसांच्या घरात सकाळी सात वाजता एक जण आंघोळीला आणि एक जण संडासात जाऊ शकतो, यासारखं पॅरलल प्रोसेसिंग नाही.

मग कमोडची जागा. "हा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेऊ" हे कागदावर दोन सेकंदांचं काम. प्रत्यक्षात त्याच्या चार इंची पाईपला दर 50 सेंटीमीटरला साधारण 1 सेंटीमीटर उतार लागतो, आणि शेवटी तो चेंबरलाच जाऊन मिळायचा असतो. चेंबर उथळ असेल तर पाईप खाली नेता येत नाही, मग फरशी वर उचलावी लागते. पाईपची जाडी, उतार आणि वरचं काँक्रीट धरून सहज सहा इंच. झाली पायरी तयार! ओल्या पायांनी, अंधारात, 82 वर्षांच्या आजीनं चढायची. म्हणून कमोड जुन्या भांड्याच्या जागीच राहू दे. खाली उतरणारा एस ट्रॅप असेल तर विकत घेण्याआधी भिंतीपासून आउटलेटच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा, तेही नव्या टाईलची जाडी धरून. नऊ इंच आणि बारा इंच ही दोन वेगळी मॉडेल्स असतात.

रेन शॉवरचं गणित तर शाळेतलंच. पाण्याची उंची दहा मीटर असेल तर दाब साधारण एक बार. आमच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी शॉवरच्या वर जेमतेम अडीच मीटर, म्हणजे पाव बार. बऱ्याच मोठ्या शॉवरना एक बारच्या आसपास दाब लागतो. पंप बसवता येतो, पण मग लाईट गेली की पाऊस बंद.

आता मुख्य युजर. आजी पाटावर बसून, बादलीत पाणी विसणून, तांब्यानं आंघोळ करते. आजवर स्वतःची स्वतः करते. माझ्या मते या सगळ्या प्लॅनिंगचा खरा प्रश्न एवढाच आहे, की आणखी किती वर्षं तिला ती एकटीनं करता येईल? कारण ज्या दिवशी दुसऱ्या कोणीतरी अंघोळ घालावी लागते, त्या दिवशी माणसाचं बरंच काही जातं. तिला विचारलं तर ती म्हणाली, "मला काही नको, फक्त धरायला काहीतरी द्या."

तेव्हा आमची यादी अशी. पाटाच्या जागी भिंतीला कडप्प्याचा बाक, सुमारे दीड फूट उंच, कडा गोल केलेल्या. बाकाशेजारी आणि कमोडशेजारी स्टीलचे हँडल, विटेच्या भिंतीत पक्के बसवलेले (टॉवेलचा रॉड म्हणजे आधार नव्हे). उंबरा नाही. दरवाजा बाहेर उघडणारा, कारण आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच माणसाला अडतं. फरशीला खरखरीत, फूटभराच्या टाईल्स. मोठ्या टाईल्सना मोरीच्या तोंडाकडे चहूबाजूंनी उतार देता येत नाही. गीझरच्या लाईनवर 30 मिलीअँपिअरचं आरसीसीबी. गंजलेले जीआय पाईप काढून गरम पाण्याला सीपीव्हीसी. आणि टाईल्स लावण्याआधी तोंड बुजवून 48 तास पाणी भरून ठेवायचं, ओल कुठे येते ते बघायला. मिस्त्री कितीही घाईत असला तरी.

यातलं निम्मं काम फरशीखाली आणि भिंतीत गडप होणार. पाहुणे बघून "वा!" म्हणणार नाहीत. पण बजेट कमी पडलं तर काच आणि रेन शॉवर कापावेत, हँडल आणि वॉटरप्रूफिंग नाही. शॉवर पाच वर्षांनी एका रविवारी बदलता येतो, उतार बदलायचा तर सगळं परत फोडावं लागतं.

असो. आता भांडण उरलंय ते टाईल्सच्या रंगाचं. ते आई आणि काकू बघून घेतील.