तापवलेला खडा खोटा नसतो

सराफाच्या पेढीवर माणिक किंवा पुष्कराज घेताना गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "असली आहे ना?" सराफाचं उत्तरही ठरलेलं, "एकदम असली." एवढ्यावर दोघांचंही भागतं आणि पेटी बंद होते. माझं म्हणणं असं, की हा प्रश्नच निरुपयोगी आहे. बाजारातल्या बहुतेक खड्यांबाबत 'असली' हे उत्तर खरंही ठरतं आणि गिऱ्हाईक फसतंही.

या प्रश्नामागचा समज आधी नीट मांडू. निसर्गाने दिला तसाच राहिलेला खडा खरा. माणसाने तो भट्टीत घातला, की तो बनावट झाला. रंग आला तो उसना, आणि खड्यातला 'गुण' गेला. ग्रहांसाठी अंगठी सुचवणारे तर खडा 'अनहीटेड'च हवा असं बजावून सांगतात. दागिन्यांच्या दुकानांनीही ही भाषा उचलली आहे, कारण तिच्यावर चढा भाव लावता येतो.

ही समजूत किती नवी आहे, ते बघायला फार लांब जावं लागत नाही. गुजरातेत भरूचजवळच्या रतनपूरच्या खाणींतून निघणारा अकीक मुळात मळकट पिवळा-तपकिरी असतो. खंभातचे कारागीर तो आधी उन्हात वाळवतात आणि मग मातीच्या भांड्यांत, शेणी किंवा भुश्याच्या मंद आचेवर भाजतात. दगडातल्या लोहाच्या संयुगातलं पाणी निघून जातं आणि पिवळ्याचा लाल होतो. हडप्पा संस्कृतीचे लोक हेच करत होते. त्यांचे लाल मणी जहाजांनी मेसोपोटेमियात गेले आणि इराकमधल्या ऊर इथल्या राजघराण्याच्या कबरींत सापडले. आपल्याकडे पैठण, तेर, नेवासे इथल्या उत्खननांतही अकीकाच्या जातीचे मणी निघालेत. म्हणजे दगड भाजून त्याचा रंग खुलवण्याची कला साडेचार हजार वर्षांची आहे. माणिक तापवून त्याचा काळसरपणा घालवण्याची रीत अल्-बिरुनी या विद्वानाने 11व्या शतकात लिहून ठेवली. भाजलेल्या शेंगदाण्याला कोणी खोटा शेंगदाणा म्हणत नाही. मग ही सोवळेगिरी खड्याच्याच वाट्याला का?

तापवताना नीलमात नेमकं काय होतं, हे कळलं की 'उसना रंग' हा आक्षेप आपोआप गळतो. माणिक आणि नीलम हे दोन्ही एकच खनिज, कुरुंद, म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड. शुद्ध असेल तर ते पाण्यासारखं रंगहीन असतं. चिमूटभर क्रोमियम शिरलं की माणिक. लोह आणि टायटॅनियम एकत्र आले की नीलम. श्रीलंकेत 'गेउडा' नावाचे दुधी, धुरकट कुरुंदाचे खडे ढिगाने सापडत आणि कुणी त्यांना विचारत नसे. त्यांच्यातलं टायटॅनियम रुटाइल नावाच्या खनिजाच्या बारीक सुयांमध्ये अडकलेलं असतं. 1970 च्या दशकात थायलंडच्या व्यापाऱ्यांनी हे खडे दीड-पावणेदोन हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापवले. सुया विरघळल्या, टायटॅनियम मोकळं होऊन लोहाशेजारी बसलं आणि दुधी दगड निळाशार झाला. बाहेरून काहीही घातलं नव्हतं. रंगाची सामग्री दगडात होतीच, ती जागेवर आली इतकंच.

आता "निसर्गाने केलं ते चालतं, माणसाने केलं ते नाही" असं कुणी म्हणेल. थायलंड, ऑस्ट्रेलिया इथले बरेच नीलम बसाल्टच्या वितळलेल्या रसातून वर आलेत. हजार अंशांच्या पुढची ती आच, आणि तीही जमिनीखाली. दख्खनच्या काळ्या कातळावर राहणाऱ्यांना बसाल्ट म्हणजे काय, हे सांगायला नको. ती आच खड्याचा गुण घालवत नसेल तर बँकॉकची भट्टी कसा घालवते, हे अंगठी सुचवणाऱ्यांनी एकदा सांगावं. ग्रहांचा वाद मी इथे काढत नाही. त्यांच्याच नियमातली विसंगती दाखवतो आहे.

समोरच्या बाजूचा एक मुद्दा मात्र मला मान्य आहे. न तापवताच उत्तम रंगाचा असलेला नीलम खरोखर दुर्मीळ असतो आणि त्याला कित्येक पट भाव मिळतो, तो मिळायलाही हवा. पण तो भाव दुर्मीळतेचा. दुर्मीळ आणि खरा या दोन गोष्टींची गल्लत केली की बाकीचे सगळे तापवलेले खडे एका फटक्यात 'नकली'च्या खात्यात जातात, आणि खरी लबाडी त्याच गर्दीत लपते.

ती लबाडी कशी दिसते? दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या. न तापवलेल्या नीलमात बऱ्याचदा रेशमासारख्या बारीक सुया एकमेकींना साठ अंशांच्या कोनात छेदताना दिसतात. तापवलेल्या खड्यात त्याच सुया तुटून ठिपक्यांच्या ओळी झालेल्या असतात. दोन्ही खडे सच्चे. आता स्वस्तात, मोठ्या आकाराचं आणि गडद लाल असं एखादं 'माणिक' भिंगाखाली धरा. खडा हलवला की चिरांमधून निळी-नारिंगी झाक चमकून जाते आणि आत हवेचे चपटे बुडबुडे दिसतात. हे शिसं मिसळलेल्या काचेने चिरा भरलेलं माणिक. 2004 च्या सुमाराला ते बाजारात आलं. मुळातला दगड भेगांनी इतका पोखरलेला असतो, की काच काढली तर तो हाताळतानाच ढासळावा. पण त्यात थोडंफार कुरुंद आहे, म्हणून दुकानदार निर्धास्तपणे म्हणतो, "असली माणिक आहे." खोटं बोलला असं म्हणता येत नाही, आणि गिऱ्हाईक बुडालं हेही खरं.

या दोन टोकांच्या मधे आणखी पायऱ्या आहेत. 2001–02 मध्ये नारिंगी-गुलाबी नीलमांचा बाजारात एकदम सुळसुळाट झाला. नंतर कळलं, की भट्टीत बेरिलियम टाकून ते मूलद्रव्य खड्यात मुरवलं होतं. इथे 'उसना रंग' हा आरोप अगदी बरोबर बसतो. रंग टिकतो, पण ही गोष्ट गिऱ्हाइकाला सांगितली नव्हती आणि भाव मात्र दुर्मीळ पद्मराग-नीलमाचा लावला होता. साध्या भिंगाला हे सापडतही नाही. त्याला प्रयोगशाळाच लागते.

घरगुती परीक्षांचं काय? नीलम दुधात टाकला की दूध निळं दिसतं, ही कसोटी जुन्या रत्नपरीक्षेच्या ग्रंथांतही आहे. निळ्या बाटलीचा तुकडा दुधात टाका, तोही उत्तीर्ण होतो. मोती दातावर घासून बघण्यात थोडं तथ्य आहे. खरा मोती किंचित करकरीत लागतो, प्लास्टिकचा गुळगुळीत. पण बसऱ्याचा नैसर्गिक मोती आणि शेतीतला मोती दातांना सारखेच लागतात. मिकिमोतोने 1893 मध्ये जपानमध्ये संवर्धित मोती काढला, आणि आज दुकानात जे मोती मिळतात ते जवळजवळ सगळे तसलेच. हातोड्याची परीक्षा मात्र निव्वळ विध्वंसक आहे. खरा हिरा फुटत नाही म्हणतात. हिऱ्यासारखं कठीण काही नाही हे बरोबर, पण कठीण असणं म्हणजे ओरखडा न पडणं. हिऱ्याला चार दिशांनी फुटण्याची प्रवृत्ती असते, आणि त्या रेषेवर घाव बसला तर त्याचे दोन तुकडे होतात. अशा परीक्षेत खरे हिरे फोडून त्यांना खोटं ठरवलं गेलं असेल, याची मला शंका नाही.

"आमच्याकडचा डाग आजीच्या वेळचा आहे, तेव्हा कुठे होती ही भेसळ?" हा आणखी एक लाडका युक्तिवाद. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हर्नूयने ज्योतीत वितळवून माणिक तयार करण्याची रीत 1902 मध्येच जाहीर केली. 1920–30 सालच्या दागिन्यातही कारखान्यातलं माणिक असू शकतं. भिंगातून ते ओळखायचं कसं, तर आत ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा वळणदार रेषा दिसतात. निसर्गातल्या कुरुंदाच्या वाढीच्या रेषा सरळ, कोनात मोडणाऱ्या असतात. दागिना जुना असला तर सोन्याची घडण जुनी असते, खड्याची हमी त्यातून मिळत नाही. इंग्लंडच्या राजमुकुटातलं 'ब्लॅक प्रिन्सचं माणिक' प्रत्यक्षात स्पिनेल आहे. माणिक आणि स्पिनेल ही वेगळी खनिजं आहेत, हे 1783 मध्ये पक्कं झालं. तोवर राजेही फसले होते. गंमत अशी, की कळल्यावरही तो मुकुटातून कुणी काढला नाही.

मग 'असली'च्या जागी काय विचारायचं? खड्यावर कोणती प्रक्रिया केली आहे, ती किती टिकते आणि खडा कसा सांभाळायचा. या तिन्ही गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत, आणि माझ्या मते निगा हाच प्रक्रियेचा सर्वांत व्यवहारी निकष. तापवलेला नीलम कोमट पाण्यात, साबणाच्या फेसात, मऊ ब्रशने खुशाल धुवावा; त्याचा रंग जात नाही. पाचूचं तसं नाही. बहुतेक पाचूंत चिरा असतात आणि त्या तेलाने भरतात. जयपूरच्या बाजारात हिरवा रंग मिसळलेलं 'जोबन' तेलही वापरतात. असा पाचू दुकानातल्या कंपनांच्या धुलाई यंत्रात टाकला, की तेल निघतं आणि गेल्या दिवाळीला झुळझुळीत दिसणाऱ्या खड्यात जाळं उमटतं. काच भरलेलं माणिक तर लिंबाच्या रसानेही खाल्लं जातं. अंगठी सैल झाली म्हणून सोनाराकडे दिली, त्याने खडा न काढता डाख दिला आणि मग अंगठी तेजाबात बुडवली, तर काच वितळून, विरघळून समोर भेगाळलेला दगड येतो. सवागी म्हणजे टाकणखार लावून खडा आचेवर धरला तर अस्सल, न तापवलेल्या माणकाचाही पृष्ठभाग चरतो. तेव्हा डाख देण्याआधी खडा काढून घ्यायला सांगावं, मग तो कितीही सोवळा असो.

मोती आणि पोवळं यांना तर भट्टी लागतच नाही. त्यांचा घात आपण घरातच करतो. दोन्ही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुन्याचीच भावंडं. पोवळ्यावर लिंबाचा थेंब टाकला तर बारीक बुडबुडे येतात. तो खडा विरघळत असतो. तरीही चिंचेने आणि टूथपेस्टने दागिने घासण्याची पद्धत घरोघरी चालूच आहे. टूथपेस्टमधली पूड मोत्यापेक्षा कठीण असू शकते. दोन-चार सणांत नथीच्या मोत्याचं पाणी उतरतं, आणि दोष मोत्याला. अत्तर आणि फवारे आधी मारावेत, मोती शेवटी घालावेत, काढल्यावर घाम ओल्या मऊ कापडाने टिपून मलमलीत ठेवावेत. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडून लॉकरमध्ये वर्षानुवर्षं ठेवलेले मोती पिवळे पडलेले पाहिलेत ना?

सरकारी शिक्क्यावर विसंबणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. 1 एप्रिल 2023 पासून सहा अक्षरी-अंकी खुणेचं हॉलमार्क असल्याशिवाय काही अपवाद सोडता सोन्याचे दागिने विकता येत नाहीत, ही चांगलीच सोय झाली. पण ते हॉलमार्क सोन्याच्या शुद्धतेबद्दल बोलतं. कोंदणात बसलेल्या खड्याबद्दल एक अक्षरही नाही. खड्यासाठी प्रयोगशाळेचा दाखला वेगळा मागावा लागतो, आणि त्यावर फक्त खनिजाचं नाव आहे की प्रक्रियाही लिहिली आहे, हे वाचावं लागतं.

सराफांचा यावर एक सावध आक्षेप असतो: "हे सगळं सांगायला गेलं तर गिऱ्हाईक बिथरतं. तापवलाय म्हटलं की खडा परत ठेवतं." गिऱ्हाईक बिथरतं, कारण त्याला 'असली' आणि 'नकली' एवढे दोनच शब्द शिकवले आहेत, आणि ते पेढीवरच शिकवले आहेत. खरेदीच्या दिवशी पावतीवर 'नीलम, तापवलेला' किंवा 'माणिक, काच भरलेलं' एवढं लिहायला अर्धी ओळ पुरते. ती लिहिली नाही म्हणून बातमी दडून राहते असंही नाही. पाच-दहा वर्षांनी अडचणीच्या वेळी दागिना मोडायला नेला, की दुसरा सराफ तीच बातमी गिऱ्हाइकाला सांगतो आणि खड्याचं वजन वजा करून फक्त सोन्याचे पैसे हातावर ठेवतो.