रोज बदलायची लेन्स आणि सिलिंडरचा नंबर

चष्म्याच्या चिठ्ठीवर ‘सिलिंडर’ आणि ‘ॲक्सिस’ असे दोन रकाने असतात. डोळ्याचे पारपटल सर्व बाजूंनी सारखे गोल नसले, की ते भरले जातात. या दोषाला दृष्टिवैषम्य म्हणतात. तरुणपणी हा वक्रपणा बहुधा उभ्या दिशेने अधिक असतो. उतारवयात तो आडव्या दिशेकडे झुकतो. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवरून लेन्स मागवू नये.

चष्म्याची काच चौकटीत घट्ट बसलेली असते, लेन्स मात्र डोळ्यावर फिरते. दृष्टिवैषम्यासाठीची टॉरिक लेन्स दहा अंश फिरली, तर सिलिंडरचा सुमारे एकतृतीयांश लाभ जातो. तीस अंश फिरली, तर काहीच उरत नाही. म्हणून लेन्स निवडताना पहिला प्रश्न ती डोळ्यावर स्थिर राहते का, हा असावा. काही लेन्स खालच्या बाजूस जाड ठेवून स्थिर केल्या जातात, काहींची जाडी पापण्यांच्या उघडझापीने लेन्स जागेवर येईल अशी राखलेली असते. वयपरत्वे पापण्या सैल पडतात. त्यामुळे मुलाला उत्तम बसणारी लेन्स आईला बसेलच असे नाही. नेत्रतज्ज्ञ लेन्सवरील बारीक खुणा पाहून ती किती फिरली ते सांगतात. त्या तपासणीवाचून केलेली खरेदी म्हणजे अंधारात मारलेला तीर.

दुसरा प्रश्न द्रव्याचा. वेष्टनावर पाण्याचे प्रमाण छापलेले असते आणि अधिक पाणी म्हणजे अधिक ओलावा, असा आपला भाबडा समज असतो. ‘बायोट्रू वनडे’त ७८ टक्के पाणी आहे, ‘वनडे ॲक्यूव्ह्यू मॉइस्ट’मध्ये ५८, तर ‘ॲक्यूव्ह्यू ओएसिस वनडे’त केवळ ३८. तरीही प्राणवायू अधिक पोहोचवते ती तिसरीच. कारण ती सिलिकॉन हायड्रोजेलची असून तिच्यात प्राणवायू मुख्यतः सिलिकॉनमधून जातो. दिवसभर लेन्स वापरणाऱ्याने सिलिकॉन हायड्रोजेलचा विचार आधी करावा, असे माझे मत आहे. लग्नकार्यापुरती चार तास घालणाऱ्यास साधी हायड्रोजेलही पुरते. आणखी एक अडचण अशी, की रोज बदलायच्या लेन्समध्ये सिलिंडरचे मोजकेच टप्पे मिळतात आणि अक्षही सहसा दहा-दहा अंशांच्या अंतराने. नंबर फार मोठा असेल तर ‘जवळपास’चा नंबर घेण्यापेक्षा चष्मा बरा.

ज्येष्ठांच्या बाबतीत मात्र लेन्सपेक्षा डोळा आधी तपासावा. अश्रू कमी झालेले असतात. सर्दी-ॲलर्जीच्या व नैराश्यावरील काही गोळ्यांनी ते आणखी आटतात. दीर्घकाळच्या मधुमेहात पारपटलाची संवेदना मंदावते, म्हणजे जखम होऊनही डोळा दुखत नाही. काचबिंदूचे थेंब चालू असतील तर लेन्स काढून थेंब घालावेत व निदान पंधरा मिनिटे थांबावे. हात थरथरत असतील, तर रोज लेन्स घालणार व काढणार कोण, हे आधीच ठरवा. जवळचे वाचण्यासाठी लेन्सवरही वेगळा चष्मा लागण्याचा संभव आहेच!

रोजच्या लेन्सचा खरा लाभ हा, की डबी नको, द्रावण नको, धुणे नको. पण महिन्याला साठ लेन्सचा खर्च पाहून काही घरांत तीच लेन्स वाटीभर पाण्यात ठेवून दुसऱ्या दिवशी घालतात. हे कदापि करू नका. नळाच्या पाण्यातील अकॅन्थमीबा पारपटलात शिरला, की उपचार महिनोन्‌महिने चालतो आणि दृष्टीही जाऊ शकते. खर्च झेपत नसेल तर लेन्स अधूनमधून वापरा, उरलेले दिवस चष्मा. लेन्स घालून झोपू नका, अंघोळ करू नका. डोळा लाल झाला, दुखू लागला, प्रकाश सोसवेना किंवा अंधुक दिसू लागले, तर लेन्स काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. घरातले जुने थेंब घालून वाट पाहू नका.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरत असेल, तर आपण टॉरिक लेन्स वापरतो हे मोजमापाआधीच सांगा. लेन्सने पारपटलाचा आकार तात्पुरता बदलतो आणि भिंगाचे गणित चुकते. किती दिवस आधी लेन्स बंद करायची, हे तेथेच विचारून घ्या. त्या वेळी डोळ्यात बसवायचे भिंगही टॉरिक घेता येईल का, याचीही चौकशी करा. अनेकांची लेन्सची गरज तिथेच संपते.