पँथरची शाळा

ब्लॅक पँथर म्हटलं की आपल्या पोरांच्या डोळ्यांपुढे काय येतं? काळं जाकीट, काळी बेरे टोपी, वेताच्या खुर्चीत एका हातात भाला, एका हातात बंदूक घेऊन बसलेला ह्यूई न्यूटन. १९७२ साली मुंबईत दलित पँथरने नाव उचललं ते ह्याच पँथरांचं. फोटो भिंतीवर लागला. पण ह्या पँथरांनी एक शाळा चालवली, तिचं नाव आपल्यात कुणी घेत नाही. मी आज त्या शाळेवर लिहितोय.

ओकलंड कम्युनिटी स्कूल, कॅलिफोर्निया. आधी पक्षाच्या कार्यकर्त्यांच्या पोरांपुरती होती. मग पूर्व ओकलंडच्या गरीब वस्तीतली पोरं यायला लागली. आकडा दीडशेच्या आसपास गेला, बाहेर वेटिंग लिस्ट लागली. फी नाही. तीन वेळचं जेवण शाळेतच, कारण उपाशी पोराला गणित शिरत नाही, हे कळायला बी.एड. लागत नाही. वर्ग वयावर नाहीत, ज्याला जेवढं येतं त्यावर. पोरांची भांडणं मिटवायला पोरांचीच न्याय समिती!

हे सगळं कशापायी? ह्याच देशात, व्हर्जिनियात, १८३१ साली काळ्यांना जमवून लिहाय-वाचायला शिकवणं बेकायदा ठरलं होतं. शिक्षा फटक्यांची. तिकडचाही मनूच. पुढे शाळेची दारं उघडली तेव्हा आत काय होतं? कार्टर वुडसनने १९३३ सालीच पुस्तक लिहून दाखवलं की ही शाळा काळ्या पोराला त्याचाच तिटकारा शिकवते. वुडसन गुलामीत जन्मलेल्या आईबापांचा पोर. कोळशाच्या खाणीत राबून हार्वर्डची डॉक्टरेट घेतलेला.

तेव्हा पोराला त्याचा इतिहास द्या. बरोबर. पण कुठला? आफ्रिकेचे राजे, पिरॅमिड, रंगीत झगे? इथं माझं डोकं अडतं. पँथरांच्या शाळेची संचालक एरिका हगिन्स. १९६९ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात तिच्या नवऱ्याला गोळ्या घातल्या, तेव्हा पदरात काही आठवड्यांची पोर. मारणारे गोरे पोलीस नव्हते. आफ्रिकन संस्कृतीचा झेंडा मिरवणाऱ्या दुसऱ्या काळ्या संघटनेची माणसं होती. मधे काडी घालत होती एफबीआय, हेही खरं. त्याच वर्षी एरिकाला आत टाकलं, ती १९७१ साली सुटली. आणि सुटल्यावर ह्या बाईने पोरांना झेंडा नाही दिला, प्रश्न दिले. काय विचार करायचा ते शिकवायचं नाही, कसा करायचा ते शिकवायचं, हा त्या शाळेचा बाणा. काळ्यांचा इतिहास होताच, पण तपासायला. आरती ओवाळायला नव्हे.

शाळा १९८२ साली बंद पडली. पक्ष फुटला होता, पैसा आटला होता. आणि तो वेताच्या खुर्चीतला न्यूटन? शाळेच्या नावाने आलेल्या सरकारी पैशातले पंधरा हजार डॉलर हडपल्याचा आरोप त्याने १९८९ साली कोर्टात नाकारला नाही. हेही त्या फोटोखाली लिहा.

हा जुना मामला नाही. जुलै २०२३ मध्ये फ्लोरिडा राज्याने इतिहासाचा अभ्यासक्रम मंजूर केला. त्यात आलं की गुलामांनी कसबं शिकली, ती काही वेळा त्यांच्याच फायद्याला आली. म्हणजे चाबकाचे उपकार माना! जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते अमेरिकेत गुलामी मोडणाऱ्यांना. पुस्तकाच्या पंचवीस वर्षं आधी, १८४८ साली, त्यांनी शाळा काढली होती.

आपल्यातले कितीतरी मित्र झोपडपट्टीत संध्याकाळचे वर्ग घेतात. त्यांनी लिहावं. घोषणा सोडून पोरांना काय शिकवता? पोरांनी तुम्हाला उलटं काय विचारलं, आणि तेव्हा तुम्ही काय केलंत? पुढच्या अंकाची आठ पानं त्यासाठी मोकळी ठेवलीत.