तिसऱ्या चौकोनातली माणसं

गेल्या महिन्यात तालुक्याला एक दिवसाचं प्रशिक्षण होतं. विषय ‘एकाग्रता, वेळेचं नियोजन आणि दैनंदिन कामांचा प्राधान्यक्रम’. वार मंगळवार, म्हणजे शाळेचा दिवस. आमची शाळा उर्दू माध्यमाची, पहिली ते आठवी, शिक्षक चार. त्यातले दोघे प्रशिक्षणाला गेलो. उरलेल्या दोघांनी त्या दिवशी आठ वर्ग कसे सांभाळले, याची नोंद कुठल्याच हजेरीपटात झाली नाही. (सेवाशर्तींमुळे शाळेचं आणि गावाचं नाव लिहीत नाही. श्रीवर्धन-म्हसळ्याकडचा किनारा, एवढं पुरे.)

प्रशिक्षक तरुण होते, बोलतही चांगले होते. त्यांनी फळ्यावर एक मोठा चौकोन काढून त्याचे चार भाग केले. महत्त्वाचं आणि तातडीचं, महत्त्वाचं पण तातडीचं नसलेलं, तातडीचं पण महत्त्वाचं नसलेलं, आणि शेवटी दोन्ही नसलेलं. पहिलं लगेच करा, दुसऱ्याला वेळ ठरवून द्या, तिसरं दुसऱ्याकडे सोपवा, चौथं टाकून द्या. आम्ही वहीत उतरवून घेत होतो, तेवढ्यात निम्म्या सभागृहाचे मोबाईल एकदम थरथरले. ग्रुपवर मेसेज होता : वर्गनिहाय, लिंगनिहाय अमुक माहिती एका तासाच्या आत पाठवावी, विलंब झाल्यास जबाबदारी आपली राहील. माना खाली गेल्या. प्रशिक्षक हसून म्हणाले, “बघा, हीच तुमची समस्या. तुम्हाला मोबाईल बाजूला ठेवता येत नाही.” सगळे हसले. मीही हसले. परतताना एसटीत मात्र त्या हसण्याचीच चीड येत राहिली.

कारण तो मेसेज आणि ते प्रशिक्षण एकाच व्यवस्थेतून आलं होतं. एका हाताने लक्ष मोडायचं आणि दुसऱ्या हाताने एकाग्रतेचं प्रमाणपत्र वाटायचं, आणि दोष मात्र माझ्या स्वभावाचा.

त्या चार चौकोनांना आयझेनहॉवरचं नाव चिकटलेलं आहे. १९५४ च्या एका भाषणात त्याने तातडीचं आणि महत्त्वाचं यांतला फरक सांगितला होता, तोही एका माजी कॉलेज-अध्यक्षाच्या हवाल्याने. चौकोनांची मांडणी घराघरांत पोचली ती स्टीफन कव्ही यांच्या १९८९ च्या पुस्तकामुळे. विचारात खोट नाही. पण तो कोणाचा विचार आहे ते बघा. आयझेनहॉवर दुसऱ्या महायुद्धात दोस्तराष्ट्रांच्या फौजांचा सेनापती होता, पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला. ‘दुसऱ्याकडे सोपवा’ असं म्हणायला त्याच्या हाताखाली माणसं होती. माझ्या हाताखाली खडू आहे.

आमच्याकडे हा तिसरा चौकोन कसा चालतो? मंत्रालयातून माहिती मागितली की ती जिल्ह्याकडे सोपवली जाते. जिल्हा तालुक्याकडे सोपवतो, तालुका केंद्रप्रमुखाकडे, केंद्रप्रमुख मुख्याध्यापकाकडे, आणि मुख्याध्यापक स्टाफरूमच्या दारात उभे राहून म्हणतात, “टीचर, जरा बघता का?” प्रत्येकाने आपापल्या परीने प्राधान्यक्रम उत्तम सांभाळलेला असतो. आम्ही सगळ्यांचा तिसरा चौकोन आहोत.

आणि आम्ही कोणाकडे सोपवतो? हे लिहायला जड जातं. आम्ही ते मुलांकडे सोपवतो. “पाढे लिहा, आवाज नको.” “सातवीतल्या कोणीतरी दुसरीत जाऊन बसा.” “धडा पुन्हा एकदा मनात वाचा.” मनात वाचा म्हटलं की जो वाचू शकत नाही त्यालाही पुस्तकात डोळे घालून बसता येतं, आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

माझ्याही लक्षात आलं नाही. सहावीत एक मुलगा होता. उर्दू बरी वाचायचा, हिशेबात चटपटीत, बापाबरोबर सुपारीच्या वाडीत काम करणारा. मराठीच्या तासाला पुढच्या बाकावर बसायचा आणि पुस्तकावरून बोट फिरवायचा. फेब्रुवारीत एकदा मी त्याला एकट्याला उभं करून वाचायला सांगितलं. धडा त्याला पाठ होता. पान बदललं तेव्हा कळलं की जोडाक्षर आलं की तो थांबतो आणि अंदाजाने पुढचा शब्द बोलतो. उर्दू उजवीकडून डावीकडे, मराठी डावीकडून उजवीकडे. ळ आणि ण यांना उर्दू लिपीत अक्षर नाही. मात्रा, वेलांटी, रफार या गोष्टी उर्दू माध्यमाच्या मुलाला शेजारी बसून, बोट धरून दाखवाव्या लागतात, आणि एकदा दाखवून भागत नाही. जून ते फेब्रुवारी तो माझ्यासमोर बसला होता. जूनमध्ये मी काय करत होते ते मला आठवतं, कारण त्या सगळ्याचे फोटो माझ्या मोबाईलमध्ये आहेत.

या मुलांना मराठी का हवी, हे बाहेरच्या लोकांना सांगावं लागतं, आमच्या किनाऱ्यावर कोणाला सांगावं लागत नाही. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ आलं. पिढ्यांनी वाढवलेल्या पोफळी एका दुपारीत आडव्या झाल्या. मग पंचनामे सुरू झाले. सातबारा मराठीत, अर्ज मराठीत, यादी मराठीत. ज्यांचे मुलगे आखातात होते त्या घरांतल्या म्हाताऱ्या बायका कागद घेऊन माझ्या ओट्यावर यायच्या : “बेटी, यात माझं नाव आहे का बघ.” २०२० च्याच कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली. चांगलं झालं. पण सक्ती ही शिकवायलाही लागते, आणि शिकवायला लागतो सलग, न तुटलेला तास.

त्या वेळी मी पंचनाम्याच्या कामातही मदत केली आणि त्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम २७ तीनच कामांची मुभा देतं : दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. त्या पलीकडच्या बिगर-शैक्षणिक कामाला शिक्षकाला जुंपता येणार नाही, असं ते सांगतं. जनगणना दहा वर्षांतून एकदा (२०२१ ची तर हुकलीच), वादळ रोज येत नाही, मतदान हा लोकशाहीचा खांब. हे तिन्ही मला मान्य आहे. त्याच्याही आधी, २००७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या सेंट मेरीज शाळेच्या प्रकरणात सांगितलं होतं की मतदारयाद्यांच्या कामाला शिक्षकांना सुट्टीच्या आणि बिगर-अध्यापनाच्या दिवशीच लावावं, शिकवण्याच्या वेळेत लावू नये. २०२४ च्या ऑगस्टमध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागानेही शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांची वर्गवारी करणारा निर्णय काढला. कागद भरपूर आहेत. पण व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज वर्गवारी वाचून येत नाही. त्याला कलम नसतं, जावक क्रमांकही नसतो. असते फक्त वेळ : ‘आज ४ पर्यंत’.

मग रोजच्या पोषण आहाराचा आकडा, युडायस, आधार, अपार, अमुक दिवस साजरा केल्याचे फोटो, फोटोत फलक दिसत नाही म्हणून पुन्हा फोटो. २०२३ मध्ये निरक्षर प्रौढांच्या सर्वेक्षणाचं काम आलं तेव्हा राज्यातल्या शिक्षक संघटनांनी बहिष्कार टाकला. शिक्षकांना निरक्षरांचं काही पडलेलं नाही, अशी टीका तेव्हा ऐकली. मला वाटतं, शिक्षक वर्गाबाहेर निरक्षर शोधत फिरतो तेव्हा वर्गाच्या आत नवे तयार होत असतात. माझ्या वर्गात एक तयार होत होता.

मराठीत ‘लक्ष’ आणि ‘लक्ष्य’ हे शब्द एकाच घरातले. आमच्या खात्याने पहिला काढून घेतला आणि दुसरा दिला. २०२१ ला निपुण भारत आलं, तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता यावं, हे लक्ष्य २०२६-२७ पर्यंत गाठायचं. लक्ष्य सुंदर आहे, मी त्याच्या बाजूची आहे. पण ते गाठल्याचा तक्ता भरायला जो वेळ जातो तो त्याच मुलाच्या वाट्यातून जातो.

उर्दूत एकाग्रतेला ‘यकसूई’ म्हणतात, म्हणजे एका दिशेला असणं. ते मी पुस्तकाआधी मामूंकडे पाहिलं. मामू डोल जाळ्याने मासेमारी करायचे. डोल भरती-ओहोटीच्या ओढीवर चालते. पाणी फिरायच्या आत ती ओढून घ्यायची. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे त्यांचा दिवस घड्याळावर नव्हता, पाण्यावर होता. उधाणात सगळं घर त्या कामाभोवती फिरायचं. भांगाचे दिवस आले की जाळी दुरुस्त करणं, बाजार, लग्नं, भांडणं. प्राधान्यक्रम हा शब्द त्यांनी कधी ऐकला नसेल. पण मामू जाळं ओढत असताना किनाऱ्यावरून कोणी हाक मारून ‘काल किती मासळी आली ते लिहून द्या’ म्हणत नव्हतं.

सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की मनाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो आणि दुसरं काम त्या मानाने खराब होतं. आमची तासिका असते चाळीसेक मिनिटांची. त्यात दोनदा फोन थरथरला तर उरलेला वेळ मी वर्गात असते, पण शिकवत नसते. मुलांना हे आपल्याआधी कळतं. “टीचर, मेसेज आला का?” असं आता तिसरीतलं पोर विचारतं.

आता आमच्या बाजूचंही लिहायला हवं, नाहीतर हा लेख म्हणजे निव्वळ गाऱ्हाणं ठरेल. आमच्यातल्या बऱ्याच जणांना कागद आवडतो. तक्ता भरला की काम पूर्ण झाल्यासारखं वाटतं, मूल शिकवून तसं वाटायला वर्षं जातात. ‘ऑनलाइन काम आहे’ हे न शिकवण्याचं सगळ्यात सन्माननीय कारण झालंय. ते मीही वापरलं आहे, थकलेल्या दिवशी. आणि रात्री अकराला मी मोबाईलवर जे बघत असते ते कोणत्याही कार्यालयाने मागितलेलं नसतं.

आपल्या समाजालाही यातून सोडता येत नाही. गावातले लोक कुवेत-दुबईहून शाळेला वह्या, दप्तरं पाठवतात, अल्लाह त्यांना बरकत देवो. पण वाटपाचा फोटो हवा, व्हिडिओ हवा, त्यात मुलांनी शुक्रिया म्हणायला हवं, आणि हे सगळं शाळेच्या वेळेत. डाव्या हाताला कळू नये असं दान द्यावं, हे आपण मुलांना शिकवतो आणि मग त्याच मुलांना कॅमेऱ्यासमोर ओळीत उभं करतो. सरकारचा फोटो आणि आपला फोटो, दोन्ही एकाच तासातून कापले जातात.

म्हणून वैयक्तिक एकाग्रतेवरचं आणखी एक प्रशिक्षण मला नको. मागणी साधी आहे. शाळेच्या वेळेत माहिती मागू नका. आठवड्यातून एक दिवस ठरवा, त्या दिवशी सुटल्यावर एक तास बसून सगळं देऊ. जी माहिती युडायसवर प्रत्येक मुलाच्या नावानिशी आधीच आहे, ती तिथून घ्या. पाच कार्यालयांनी तीच पटसंख्या पाच तक्त्यांत मागू नये. आणि प्रत्येक केंद्राला या कामासाठी एक माणूस द्या. बेरोजगार पदवीधरांची या जिल्ह्यात वाण नाही.

तोवर मी माझ्यापुरतं एक केलं आहे. सकाळचे पहिले दोन तास मोबाईल बंद करून ऑफिसच्या लोखंडी कपाटात. मुख्याध्यापकांना आधी सांगितलं. ते म्हणाले, “टीचर, मला अडचणीत आणू नका,” आणि मग कपाटाची किल्ली त्यांनी स्वतःच दिली. दोन आठवडे ठीक गेले. तिसऱ्या आठवड्यात एक माहिती अडीच तास उशिरा गेली आणि माझ्या नावाने पत्र आलं. विलंबाबाबत लेखी खुलासा शुक्रवारपर्यंत सादर करावा.

तो मुलगा आता सातवीत आहे. पहिल्या तासाला सगळा वर्ग आपापलं वाचतो आणि मी त्याच्या शेजारी बसते. ळ आला, ण आला, सध्या र वर अडलोय. सूर्यातला र वर, चक्रातला खाली, ट्रकमधला वेगळाच. शुक्रवारी ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ घ्यायचं आहे. त्यात त्याचा आणखी एक गोंधळ आहे : उर्दूत दरिया म्हणजे नदी, मराठीत दर्या म्हणजे समुद्र. तेवढं झालं की खुलासा लिहायला बसेन.